लिनक्सवरील कलासाधनें : आलीं किती, नांदलीं किती ?

कोणत्याहि कलेचा विचार करतांना टीकाकाराची दृष्टि कलाकृतीकडे व फार तर कलावंताकडे जाते. कलावंताच्या हातांतील साधनाकडे ती क्वचितच वळते. चित्राचें परीक्षण करतांना कुंचला कोणीं केला, किंवा गाण्याचें परीक्षण करतांना तंबोरा कोणीं घडविला, हें विचारण्याची आपल्याकडे रीत नाहीं. साधनें जोंवर साधीं होतीं, मोडलीं तर गांवांतल्याच कारागिराकडून नीट करून घेतां येत होतीं, तोंवर ही उपेक्षा खपून गेली. परंतु आज चित्रकार, संगीतकार, ॲनिमेशनकार व मुद्रक या सर्वांचें मुख्य साधन संगणकावरील सॉफ्टवेअर हें झालें आहे. आणि हें साधन असें विलक्षण आहे कीं, पैसे मोजले तरी तें बहुधा आपल्या मालकीचें होत नाहीं, बिघडलें तर उघडून पाहतां येत नाहीं, आणि मालकाच्या मनांत आलें तर एके दिवशीं तें नाहींसेंहि होतें. म्हणून साधनाची चिकित्सा हा आतां कलाचिकित्सेचाच एक भाग समजला पाहिजे, असें आमचें मत आहे. या लेखांत आम्ही त्यांतील एकाच प्रश्नाचा विचार करणार आहों. विशिष्ट कलेचीं साधनें लिनक्सवर आणण्याचे जे प्रयत्न गेल्या पंचवीस-तीस वर्षांत झाले, त्यांतून काय निष्पन्न झालें, हा तो प्रश्न होय.

लिनक्स ही संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे ज्या पायावर इतर सर्व कामें उभीं राहतात ती मूळ व्यवस्था. तिचा गाभा फिनलंडमधील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. त्याची मूळ संहिता, जिला सोर्स कोड म्हणतात, ती कोणीहि वाचावी, बदलावी व पुन्हा वांटावी, अशी मुभा परवान्यांतच दिलेली आहे. जगांतील सर्वांत वेगवान अशा ५०० महासंगणकांच्या यादींतील एकूणएक यंत्रें २०१७ पासून लिनक्सवर चालतात; अँड्रॉइड फोनांच्या पोटांतहि हाच गाभा आहे. असें असून ज्या मेजाशीं बसून माणूस लिहितो, चित्र काढतो, गाणें जुळवितो, त्या मेजावर मात्र लिनक्सचा शिरकाव अल्प आहे. आणि कलावंतांच्या मेजावर तो त्याहून अल्प आहे. याचें कारण विचारलें असतां दोन ठराविक उत्तरें मिळतात. कलावंत म्हणतात, “आमचीं साधनें तेथें नाहींत, म्हणून आम्ही जात नाहीं.” साधनें करणारे म्हणतात, “कलावंत तेथें नाहींत, म्हणून आम्ही आणीत नाहीं.” हीं दोन्ही उत्तरें खरीं असलीं तरी अपुरीं आहेत. इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, साधनें लिनक्सवर अनेकदां आलीं, चांगलीं वाजत गाजत आलीं. परंतु त्यांपैकीं बरींच तेथें नांदलीं नाहींत. तेव्हां खरा प्रश्न आणण्याचा नसून नांदविण्याचा आहे.

एका व्यवस्थेसाठीं रचलेली आज्ञावली दुसऱ्या व्यवस्थेवर नेणें हें काम बरेंचसें भाषांतरासारखें आहे. आज्ञावली पावलोपावलीं खालच्या व्यवस्थेशीं बोलत असते. चौकट उघड, फाइल वाच, ध्वनि बाहेर सोड, असें तिला सांगत असते. आणि प्रत्येक व्यवस्थेची ही बोली निराळी असते. म्हणून साधन नव्या व्यवस्थेवर नेण्याचे तीन मार्ग संभवतात. मूळ कर्त्यानें स्वतःच तें नव्या बोलींत लिहावें, हा पहिला. मध्यें दुभाषा बसवावा, हा दुसरा. आणि मूळ संहिताच लोकांच्या हातीं यावी व त्यांनीं ती आपलीशी करावी, हा तिसरा. आगरकरांनीं ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ रचलें, देवलांनीं ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ उभा केला, तेव्हां कोणाची परवानगी मागण्याचा प्रश्नच नव्हता. शेक्सपिअर केव्हांच सर्वांचा झालेला होता. सॉफ्टवेअरची गोष्ट तशी नाहीं. येथें मूळ ग्रंथ कुलुपांत असतो, आणि भाषांतर करावयाचें कीं नाहीं हें किल्लीचा धनी ठरवितो. तिन्ही मार्गांचें परीक्षण करतांना हा भेद डोळ्यांआड होतां कामा नये.

पहिल्या मार्गाचें सर्वांत बोलकें उदाहरण ‘कोरलड्रॉ’चें आहे. ‘कोरलड्रॉ’ म्हणजे काय हें महाराष्ट्रांत समजावून सांगावयास नको. लग्नपत्रिकेपासून चौकांतल्या फ्लेक्सपर्यंत आपल्याकडील छपाईचें किती तरी काम त्यावर होतें. ओटावाच्या कोरेल कंपनीनें १९९९ सालीं लिनक्सची स्वतःची एक आवृत्ति काढली व २००० सालीं ‘कोरलड्रॉ ९’ लिनक्सकरितां बाजारांत आणलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मायक्रोसॉफ्टनें कोरेलमध्यें साडेतेरा कोटि डॉलर गुंतविले. पुढच्या वर्षीं कोरेलनें आपला लिनक्सचा विभाग झँड्रॉस कंपनीकडे सोंपविला. आणि लिनक्सवर चालणारी ‘कोरलड्रॉ’ची दुसरी आवृत्ति निघाली नाहीं. या घटनांत कार्यकारणभाव जोडण्याचें आम्हांस कारण नाहीं. कंपनी तेव्हां पैशाच्या अडचणींत होती, व अडचणींतला धनी प्रथम कमी चालणारें दुकान बंद करतो, एवढें पुरेसें आहे. ‘फ्रेममेकर’ या ग्रंथरचनेच्या साधनाची कथा याहून चमत्कारिक आहे. तें मुळांत युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्याच कुळांतील यंत्रावर जन्मलेलें. अडोबीनें त्याची लिनक्स आवृत्ति लोकांना चांचणीसाठीं फुकट दिली. २००० च्या अखेरीस चांचणीची मुदत संपली, आणि विक्रीची आवृत्ति आलीच नाहीं. माहेरीं आलेली लेक चार दिवस राहून परत गेली, असाच हा प्रकार झाला.

यावर कोणी म्हणेल कीं, हे प्रयोग बाल्यावस्थेंतील होते. मग ‘सॉफ्टइमेज’कडे पाहावें. माँट्रिऑल येथें जन्मलेलें हें त्रिमित चित्रणाचें साधन ‘जुरासिक पार्क’सारख्या चित्रपटाच्या कामीं आलें होतें, व पुढें लिनक्सवरहि त्याची आवृत्ति होती. तें ऑटोडेस्ककडे गेलें आणि २०१४ सालीं ऑटोडेस्कनें त्याचा विकास थांबविल्याचें जाहीर केलें. साधनांत उणीव नव्हती, वापरणाऱ्यांची निष्ठा कमी नव्हती. परंतु ज्यांनीं पंधरा-वीस वर्षें त्यावर हात बसविला होता, त्यांना या निर्णयांत मत नव्हतें. लिनक्स आवृत्ति हातीं असणें म्हणजे स्वातंत्र्य हातीं असणें नव्हे, हा धडा येथें मिळतो.

तरीहि मालकाकडून झालेलें काम सर्वत्र फसलें, असें म्हणणें सत्यास सोडून होईल. चित्रपटांतील दृश्यचमत्कार घडविणारीं ‘माया’ व ‘हूडिनी’ हीं मोलाचीं साधनें वीस वर्षांहून अधिक काळ लिनक्सवर सुखानें नांदत आहेत. याचें कारण मोठें उद्बोधक आहे. हॉलिवूडच्या चित्रशाळांत पूर्वीं सिलिकॉन ग्राफिक्सचीं महागडीं यंत्रें असत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या चित्रशाळा स्वस्त यंत्रें व लिनक्स यांकडे वळल्या. त्या संख्येनें थोड्या होत्या, परंतु एकजूट करणाऱ्या होत्या. २०१४ पासून या धंद्यांतील मंडळी दरवर्षीं ‘व्हीएफएक्स रेफरन्स प्लॅटफॉर्म’ नांवाची एक यादी ठरवितात. त्या वर्षीं कोणत्या साहाय्यक संहितेची कोणती आवृत्ति धरून चालावयाचें, हें तींत नमूद असतें. साधन करणाऱ्याला मग एकाच जमिनीचा विचार करावा लागतो. उलट सामान्य लिनक्सच्या जगांत जितक्या वाटा तितकीं घरें, आणि प्रत्येक घरचा उंबरठा निराळ्या उंचीचा. म्हणजे अडचण केवळ अल्पसंख्येची नाहीं. अल्पसंख्येंत एकवाक्यता नाहीं, ही ती अडचण आहे. बर्लिनच्या ‘बिटविग’नें २०१४ सालीं आपलें संगीतरचनेचें साधन पहिल्या दिवसापासून लिनक्सवरहि दिलें, हें खरें, परंतु अशीं उदाहरणें अद्याप मोजकींच आहेत.

आतां दुभाष्याचा मार्ग पाहूं. ‘वाइन’ नांवाचा प्रकल्प १९९३ सालीं सुरू झाला आणि त्याची पहिली पक्की आवृत्ति निघावयास २००८ साल उजाडलें. या पंधरा वर्षांवरूनच कामाची बिकटता ध्यानांत यावी. ‘वाइन’ संपूर्ण यंत्राची नक्कल करीत नाहीं. विंडोजसाठीं लिहिलेली आज्ञावली जें जें मागते, तें तें ऐकून लिनक्सच्या बोलींत सांगणें, एवढेंच त्याचें काम. २००३ सालीं डिस्ने व आणखी दोन चित्रपटसंस्था यांनीं कोडवीव्हर्स या कंपनीला द्रव्यसाहाय्य करून ‘फोटोशॉप ७’ लिनक्सवर चालेल अशी तजवीज करविली. इतर सर्व साधनें लिनक्सवर असतां केवळ ‘फोटोशॉप’साठीं चित्रकाराच्या मेजावर विंडोजचें दुसरें यंत्र ठेवणें त्यांना परवडेना. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, हें सर्व ‘फोटोशॉप’च्या कर्त्यांवांचून झालें.

कांहीं कट्टर लिनक्सभक्त या मार्गाला फसवणूक म्हणतात. तें आम्हांस मान्य नाहीं. दुभाषा हा लबाड नव्हे. जुनीं कागदपत्रें वाचून दाखविणारा तो उपयुक्त माणूस आहे. ज्यानें दहा वर्षांपूर्वींचें आपलें काम एखाद्या बंद साधनांत करून ठेवलें, त्याला तें पुन्हा उघडण्याची वाट दुभाषाच दाखवितो. परंतु दुभाष्याची मर्यादाहि उघड आहे. बोलणाऱ्यानें बोली बदलली कीं त्याला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. अडोबीनें २०१३ पासून आपलीं नवीं साधनें वर्गणीच्या पद्धतीनें देण्यास आरंभ केल्यावर प्रत्येक नव्या आवृत्तीमागें धांवतांना दुभाष्याला धाप लागली. खेळांच्या क्षेत्रांत २०१८ नंतर ‘प्रोटॉन’च्या रूपानें हीच विद्या भरभराटली, कारण तेथें व्हाल्वसारखा सधन यजमान पाठीशीं उभा राहिला. चित्रकाराच्या किंवा वादकाच्या लहानशा साधनाला असा यजमान कोठून मिळावा ?

राहिला तिसरा मार्ग. ‘ब्लेंडर’ हें आज सर्वश्रुत झालेलें त्रिमित चित्रणाचें साधन नेदरलँड्समध्यें टोन रोझेंडाल यांच्या चित्रशाळेंत जन्मलें. सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवरून १९९८ सालीं तें लिनक्सवर आलें. चार वर्षांनीं तें विकणारी कंपनी बुडाली. ‘सॉफ्टइमेज’च्या नशिबीं पुढें जें आलें, तेंच येथें यावयाचें, परंतु रोझेंडाल यांनीं धनकोंकडून असें वचन मिळविलें कीं, एक लक्ष युरो दिल्यास मूळ संहिता मुक्त केली जाईल. वापरणाऱ्यांनीं ती रक्कम सात आठवड्यांत जमा केली, व १३ ऑक्टोबर २००२ रोजीं ‘ब्लेंडर’ सर्वांचें झालें. लॅटव्हियाच्या गिन्ट्स झिल्बालोडिस यांनीं याच साधनानें घडविलेल्या ‘फ्लो’ या चित्रपटाला २०२५ सालीं उत्कृष्ट ॲनिमेशनपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. ज्या साधनाची २००२ सालीं दिवाळखोरींत बोळवण व्हावयाची, तें तेवीस वर्षांनीं एका लहान देशाच्या कलावंताला जगाच्या व्यासपीठावर घेऊन गेलें.

दुसरें उदाहरण याहून कमी ठाऊक असलेलें, पण आमच्या मुद्द्याला अधिक जवळचें आहे. ‘टूंझ’ हें रोमच्या एका कंपनीचें द्विमित ॲनिमेशनचें साधन. जपानच्या घिब्ली चित्रशाळेनें ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (१९९७) पासून तें वापरलें व आपल्या गरजेप्रमाणें त्यांत भर घालून घेतली. हातानें कागदावर काढलेलीं हजारों चित्रें यंत्रांत घेणें, त्यांच्या रेषा स्वच्छ करणें, त्यांत रंग भरणें, असें हें काम. जगांत तें करणारे लोक थोडे आणि त्यांच्यासाठीं साधन करणारे त्याहून थोडे. २०१६ च्या मार्चमध्यें द्वांगो या जपानी कंपनीनें घिब्लीच्या सुधारणांसह त्याची संहिता ‘ओपनटूंझ’ या नांवानें मुक्त केली. तेव्हां तें विंडोज व मॅक यांवरच चालत होतें. लिनक्सचें नांव कोणीं काढलें नव्हतें. पण संहिता हातीं येतांच स्वयंसेवक कामाला लागले व थोड्याच काळांत तें लिनक्सवर उभें राहिलें. यांत कोणाची मनधरणी करावी लागली नाहीं, ग्राहकांची संख्या सिद्ध करून दाखवावी लागली नाहीं. अल्पसंख्येचा जो आक्षेप पहिल्या मार्गांत अभेद्य भिंत ठरतो, तो येथें उरतच नाहीं. कारण ज्याला गरज आहे त्यालाच हात लावण्याचा अधिकार आहे.

मात्र रोप कितीहि चांगलें असलें तरी जमीन तयार नसेल तर तें जगत नाहीं. आणि याबाबत लिनक्सच्या मंडळींना दोष देणें प्राप्त आहे. संगीताचेंच उदाहरण घ्या. ध्वनीचे दर सेकंदाला ४८,००० नमुने घेऊन ते १२८–१२८ च्या तुकड्यांनीं हाताळले, तर एका तुकड्याला सेकंदाचे सुमारे पावणेतीन सहस्रांश लागतात. यंत्रानें तेवढ्या अवधींत काम उरकलें नाहीं कीं आवाज तुटतो. तुकडे मोठे केले तर आवाज तुटत नाहीं, पण वादकाच्या बोटांत व कानांत अंतर पडूं लागतें. ठराविक क्षणीं काम होईलच अशी हमी देणारी सुधारणा लिनक्सच्या मुख्य गाभ्यांत पूर्णपणें यावयास नोव्हेंबर २०२४ उजाडला. तिचें काम त्याआधीं सुमारें वीस वर्षें चाललें होतें. तोंपर्यंत संगीतकाराला गाभा स्वतः बदलून घ्यावा लागे. ध्वनीच्या वाटाहि कित्येक, घरगुती आवाजाची एक, वादकांसाठीं ‘जॅक’ची दुसरी, त्यांची सांगड ‘पाइपवायर’नें घातली, ती २०२१ च्या सुमारास. पडद्यावरच्या रंगांची अचूकता राखण्याचा नियम ‘वेलँड’ या नव्या चित्रव्यवस्थेंत फेब्रुवारी २०२५ मध्यें संमत झाला. वादकाला क्षण आणि चित्रकाराला रंग यांची हमी नसलेल्या घरीं कलेनें नांदावें कसें ?

मराठी वाचकाला जवळची जमीन म्हणजे लिपीची. पानें जुळविण्याचें ‘स्क्रायबस’ हें मुक्त साधन २००१ पासून लिनक्सवर वाढलें. परंतु देवनागरीच्या दृष्टीनें तें दीर्घकाळ निरुपयोगी होतें. ऱ्हस्व इकार उच्चारांत मागाहून येतो व लिहितांना आधीं बसतो. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र निराळेंच रूप घेतो. ही जुळणी ज्या साधनाला येत नाहीं, त्यानें छापलेलें मराठी वाचवत नाहीं. ‘स्क्रायबस’मध्यें ही सोय २०१७ च्या प्रायोगिक आवृत्तींत आली व पक्क्या आवृत्तींत जानेवारी २०२४ मध्यें. या कामांत पुढाकार ओमानमधील कांहीं कार्यकर्त्यांचा होता, आणि त्यांची गरज अरबी लिपीची होती. ज्या ‘हार्फबझ’ नांवाच्या संहितेवर हें काम उभें आहे, तें नांव फारसी आहे व त्याचा अर्थ खुलें अक्षर असा आहे. ‘हरफ’ शब्द आपणांस परका नाहीं. अरबीसाठीं केलेल्या श्रमाचें फळ देवनागरीला आयतें मिळालें. बंद साधनांत असें होणें कठीण. तेथें प्रत्येक लिपीला मालकाच्या दारांत रांग लावावी लागते. आपल्याकडील छापखान्यांत मात्र अजून किती तरी मजकूर खासगी सांकेतिक रचनेच्या जुन्या फाँटांत अडकला आहे. तो फाँट आणि तें साधन नसेल तर मराठी मजकुराच्या जागीं निरर्थक रोमन चिन्हें दिसतात. एका पिढीचें छापील मराठी अशा कुलुपांत आहे, ही गोष्ट केवळ तांत्रिक समजून सोडून देण्यासारखी नाहीं.

आतां शेवटचा आक्षेप. मुक्त संहितेनें साधन जगेल, पण चांगलें होईल कशावरून ? हा आक्षेप बळकट आहे व त्याला टाळाटाळीचें उत्तर देणें योग्य नव्हे. मूळ चित्राला धक्का न लावतां त्यावर संस्कार करण्याची सोय ‘फोटोशॉप’मध्यें १९९६ पासून येऊं लागली, ‘गिंप’ या मुक्त साधनांत ती २०२५ च्या ३.० आवृत्तींत आली. मधल्या काळांत चित्रकारांनीं ती मागितली असतां, “तिच्यावांचूनहि काम होतें” असें उत्तर पुष्कळदां मिळालें. कलावंताच्या हाताची संवय ही त्याची चूक नसून त्याची विद्या आहे, हें ज्यांना उमगलें नाहीं त्यांनीं लिनक्सचें जेवढें नुकसान केलें, तेवढें कोणत्याहि कंपनीनें केलें नसेल. उलट ‘ब्लेंडर’ची प्रगति झाली ती मंडळींनीं कलावंतांना शेजारीं बसवून प्रत्यक्ष चित्रपट करावयास घेतले व त्यांत जें अडलें तें दुरुस्त केलें म्हणून. स्वातंत्र्यानें साधन आपोआप चांगलें होत नाहीं. तें चांगलें करण्याचा रस्ता मात्र खुला राहतो. बंद साधन आज कितीहि देखणें असलें तरी तो रस्ता तेथें नसतो.

तेव्हां आमचा निर्णय असा. अमुक साधन लिनक्सवर चालतें कीं नाहीं, एवढ्यावर हर्ष किंवा खेद मानूं नये. तीन गोष्टी विचाराव्यात. मालकानें पाठ फिरविली तर तें दुरुस्त करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास आहे काय ? खालची जमीन त्या कलेच्या गरजेला पुरी पडते काय ? आणि साधन उद्यां नाहींसें झालें तरी त्यांत केलेलें काम दुसरीकडे उघडेल काय ? पहिल्या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी असलें तरी गरजेपोटीं साधन वापरावें लागतें, हें आम्ही जाणतों. तिसऱ्याचें उत्तर नकारार्थी असेल तर मात्र आपली कलाकृति आपण परक्याच्या तिजोरींत ठेवीत आहों, हें ओळखून ठेवावें. आणि ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी आज संगणकावर चित्र काढावयास शिकत आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं हे प्रश्न आधीं विचारावेत. कारण हात एकदां बसला कीं साधन बदलणें जड जातें, आणि तो बसण्याचें वय हेंच आहे.